हे खेळणं नाही

मोठ्या पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या घरी खोक्यातून एक बैल आला. लाकडी, गुळगुळीत, पाठीवर आरशांची झूल, शिंगांना सोनेरी बेगड. मुलाने फोनवरून मागवला होता, दुधाची पिशवी मागवावी तसा, आणि तेवढ्याच वेळात तो दारात हजरही झाला. मला खोक्यांवरचं बारीक वाचायची खोड आहे. औषधाची पुडी असो की हिंगाची डबी, कोणी छापलं आहे म्हणजे कोणीतरी वाचावं म्हणूनच छापलं असेल, एवढा विश्वास जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला असतोच. खोक्याच्या तळाशी हिंदीत आणि इंग्रजीत जे होतं ते मराठीत असं: ही शोभेची वस्तू आहे. हे खेळणं नाही. लहान मुलांपासून दूर ठेवावे.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

जे नागपूरकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याला शेतकऱ्यांचे खरे बैल सजून तोरणाखाली उभे राहतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. तान्हा म्हणजे अंगावर पिणारा. तर हा तान्ह्यांचा पोळा. पोरं आपापले चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत तोरणाखाली आणतात आणि मग घरोघर नेतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, त्याला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. असा हा सण. आणि त्या सणाच्या बैलावर लिहिलंय, मुलांपासून दूर ठेवा. उद्या पुरणपोळी विकतील आणि खाली लिहितील, ही खाण्यासाठी नाही.

मुलगा म्हणाला, आई, कंपन्यांना लिहावं लागतं, कायदा असतो. असेल. कायद्याला पोरं नसतात.

पण मला खरी चीड आली ती त्यातल्या ‘नाही’ची. हे खेळणं नाही, म्हणजे ही वस्तू खेळण्याहून वरची आहे, असंच ना? या शब्दाचं आपण काय करून ठेवलं आहे बघा. एखाद्याला घरात कोणी विचारेनासं झालं की म्हणायचं, त्याचं खेळणं करून टाकलं. माणूस म्हणजे नियतीच्या हातातलं खेळणं, असं व्याख्यानात कोणी म्हटलं की लोक माना डोलावतात. ज्याला वाटेल तसं फिरवावं, फेकावं, विसरावं ते खेळणं. मला या लोकांना विचारायचंय, तुम्ही पोराच्या हातातलं खेळणं कधी पाहिलं आहे का? पोरगं त्याला उशाशी घेऊन झोपतं. त्याला भूक लागली म्हणून स्वतः जेवत नाही. ते हरवलं तर घर डोक्यावर घेतं. नियतीने मला असं खेळणं केलं असतं तर मी गल्लीत पेढे वाटले असते.

दुकानातही तेच. सुनेने मागे नातीसाठी ठोकळ्यांचा डबा आणला. डब्यावर लिहिलं होतं की याने बुद्धी वाढते, एकाग्रता वाढते, हाताचा आणि डोळ्यांचा मेळ बसतो. मी चारही बाजू फिरवून पाहिल्या. याने खेळता येतं, असं कुठेच नव्हतं. जणू त्यात काही लाजिरवाणं आहे.

हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा आहे. ओळख कशी झाली ते सांगायला हवं, कारण त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. मी नुकतीच मराठीची शिक्षिका झाले होते. डोळे घारीसारखे होते तरी बिननंबरचा चष्मा लावायची. विद्वान बाई चष्म्याशिवाय शोभत नाही, असं माझं ठाम मत होतं. अंबाडा इतका घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या आणि मला सदासर्वदा कशाचं तरी नवल वाटतंय असं दिसायचं. शाळेत बालसभा होती. मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले आणि विषय माझ्यावर सोडला. दुसऱ्या कोणी माकडाची गोष्ट सांगितली असती. मी ‘खेळणे’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगायला उभी राहिले.

संस्कृतातल्या क्रीडनकापासून मी सुरुवात केली. मग प्राकृतातून त्याचा ‘ऱ्हास’ कसा झाला ते सांगितलं. हो, ऱ्हासच म्हणाले मी. आणि आमच्या वस्त्यांमधून लोक ज्याला ‘खेयनं’ म्हणतात ती त्या शब्दाच्या अधोगतीची शेवटची पायरी आहे, असं जाहीर केलं. समोर बसलेली निम्मी पोरं खेयनं म्हणणारी होती. मी स्वतः आदल्या दिवशी भाच्यावर ओरडले होते, ‘तुयं खेयनं उचल.’ पण मंचावर चढल्याबरोबर मी थेट काशीहून आल्यासारखी बोलत होते. पहिल्या रांगेतल्या पोरांनी तोवर माझ्या डब्यातले खडू पळवून त्यांची आगगाडी केली होती. मी प्राकृतापर्यंत पोचेस्तोवर गाडी बाकाच्या दुसऱ्या टोकाला पोचली, तिथे स्टेशन झालं, प्रवासी उतरले. मी गाडी जप्त केली, गार्डासकट चौघांना उभं केलं आणि भाषण पुढे रेटलं. त्या अख्ख्या सभागृहात माझा विषय कळलेली तेवढीच चार पोरं होती आणि त्यांनाच मी भिंतीकडे तोंड करायला लावलं.

बरं, व्युत्पत्ती तरी पुरी सांगावी? तीही अर्धीच. संस्कृतात क्रीडनक आहे हे खरं, पण ‘खेल्’ असाही एक धातू आहे आणि त्याचा अर्थ हलणं, झुलणं, इकडून तिकडे जाणं. तो संस्कृताने लोकांच्या बोलीतून उचलला की बोलीने संस्कृतातून, यावर जाणत्यांचं एकमत नाही, आणि मी आता त्यात पडणार नाही. एकदा पडून झालं आहे. पण तो अर्थ मला पटतो, कारण तो आपल्या तोंडात अजून जिवंत आहे. घरात हवा खेळती पाहिजे, आपण म्हणतो. शेतात पाणी खेळवतात. चेहऱ्यावर हसू खेळतं. ‘भातुकली’सुद्धा मला अशीच आवडते. जुन्या मराठीत भातुकं म्हणजे पोराचा खाऊ. तो खाऊ पोरांनी चिमुकल्या भांड्यांत वाटला आणि त्याचाच खेळ झाला. एकाही शब्दाला पोराच्या हाताचं वावडं नाही.

आमच्या घरी हातमाग होता. बाबा धोट्याबद्दलही हेच क्रियापद वापरायचे. धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन उभ्या सुतांमधून या हाताकडून त्या हाताकडे धावणारी लहानशी लाकडी होडी. दमट हवेत सूत फुगलं की तो अडायचा आणि बाबा म्हणायचे, धोटा खेळून नाही राहिला आज. घासून घासून तो कामातून गेला की मागावरून उतरायचा आणि आमच्या हाती यायचा. त्याला सुताडा बांधून आम्ही अंगणभर ओढायचो. तो कधी बैल व्हायचा, कधी आगबोट, आणि आईला भिवडवायचं असलं की मेलेला उंदीर. दुकानातून खेळणं म्हणून काही आमच्या घरी आल्याचं मला आठवत नाही, आणि खेळण्यावाचून बसून राहिल्याचंही आठवत नाही. तर जे हाताखाली हलतं, फिरतं, चालतं, अडून बसत नाही ते खेळणं. माझ्यापुरता मी अर्थ ठरवला आहे. कोणाला तो खोडून काढायचा असेल तर त्यांनी घरी यावं. चहा मिळेल, बाकी काही मिळणार नाही.

एवढं वाचून वाटेल की मी माझ्या पोराला खेळण्यांत लोळवलं असेल. छे. पगार यायला लागला आणि माझ्यातल्या बाईसाहेब जाग्या झाल्या. बैठकीत काचेचं शोकेस केलं आणि पोराची खेळणी त्यात मांडली. एक केसाळ कुत्रा होता, तो प्लास्टिकच्या पिशवीतच म्हातारा झाला. एक चावीचं माकड होतं. पाहुणे आले की मी त्याला चावी द्यायची. माकड टाळ्या वाजवायचं, पाहुणे टाळ्या वाजवायचे, आणि ज्याचं ते माकड होतं तो पोरगा हाताची घडी घालून बघायचा. सगळ्यांत वरच्या फळीवर तान्ह्या पोळ्याचा त्याचा सागवानी बैल. वर्षातून एका संध्याकाळी तो जमिनीवर उतरायचा, घरी येताच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वर चढायचा. शेजारणी म्हणायच्या, ‘तुमचा बैल किती नवाच्या नवा हाये वं.’ आणि मी अशी फुलायची, जशी काही तो बैल मीच जन्माला घातला होता.

आता आम्ही हिंगणा रोडच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे, सून बँकेत, आणि नात दुसरीत. शोकेस जुन्या घरासोबत गेलं. बैल तेवढा आला आणि नातीच्या हाती लागला.

तिने त्याला पहिल्याच दिवशी बाल्कनीच्या ग्रिलला बांधलं. मेथी निवडायला बसले की काड्या उचलून न्यायची, त्याला घालायची. बाथरूममध्ये नेऊन शाम्पूने आंघोळ घातली, तेव्हा त्याचा रंग गेला. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्याला पाणी दाखवायची. आणि एकदा हॉलमध्ये त्याची शर्यत लावली असताना तो सोफ्याच्या पायावर आपटला आणि डावं शिंग गेलं. मी फेविकॉल घेऊन धावले, पण शिंग काही मिळालं नाही. ती म्हणाली, ‘राहू दे आजी. त्याचं भांडण झालं होतं.’

आमच्या सोसायटीचा तान्हा पोळा मोठा. मंडप, डीजे, तोरण, बक्षिसं. गेल्या वर्षी नातीला ताप होता आणि तिने तो सगळा प्रकार खिडकीच्या काचेला नाक लावून पाहिला होता. पोळ्यात शेवटी तोरण तोडतात, बैल मोकळे सुटतात, त्याला पोळा फुटणं म्हणतात. यंदा पोळा फुटला की सगळ्यांच्या पुढे माझा बैल पळणार, हे तिने वर्षभर लावून धरलं होतं. वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं तरी हेच उत्तर.

सणाच्या आधी नाव नोंदवायला आम्ही दोघी खाली गेलो. बैलही होता, दोरीने. सोसायटीचे अध्यक्ष टेबलाशी बसले होते. ते निवृत्त अधिकारी आहेत. माणूस घरी आला आहे, आवाज अजून ऑफिसातच आहे. त्यांनी बैलाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

‘मॅडम, याचं शिंग तुटलेलं आहे.’

मी म्हटलं, हो, भांडण झालं होतं.

त्यांना विनोद कळला नाही. ते म्हणाले की नंदी खंडित आहे, आणि खंडित मूर्तीची पूजा होत नाही, तोरणाखाली तो उभा करता येणार नाही. मी म्हटलं, अहो, मूर्ती कसली, खेळणं आहे पोरीचं. तर ते मला समजावून सांगायच्या सुरात म्हणाले, ‘खेळणं घरी. मंडपात तो नंदी.’ आणि नवीन घेऊन टाका, आजकाल काय, घरबसल्या येतो, असा सल्लाही दिला.

लिफ्टमध्ये नातीने बैलाचे दोन्ही कान बोटांनी दाबून धरले होते. त्या दिवशी बैलाने मेथी खाल्ली नाही, असं मला सांगण्यात आलं.

मग मुलाने तो खोक्यातला बैल मागवला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. नातीने बैल जमिनीवर ठेवला, दोरी बांधली आणि ओढलं. बैल फरशीवर खर्र करत घासला आणि तोंडावर पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. तिने त्याला उताणं करून चाकं फिरवून पाहिली.

‘आजी, याचे चाकं फिरूनच नाही राहिले.’

मुलाने बघितलं. चाकं गोंदाने चिकटवलेली होती. चाकांसारखी दिसावीत एवढ्यापुरतीच ती चाकं होती. तेव्हाच मी खोक्याचं बूड वर केलं आणि ते वाक्य वाचलं. मग मी बरंच काही बोलले. सून म्हणते बिल्डिंगभर ऐकू गेलं. नात तोवर उठली, बैल खोक्यात घातला, वरून थर्मोकोल लावलं आणि म्हणाली, ‘मी माझाच नेईन. नाहीतर नाही जात.’ आणि बाल्कनीत जाऊन बसली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिकडे शहरात मारबत निघते. गावावरची इडापिडा घेऊन जा म्हणून लोक त्या पुतळ्याला ओरडून हाकलतात. मी घरातूनच मारबतीला म्हटलं, बाई, आमचं एक खोकंही घेऊन जा. आणि पदर खोचून अध्यक्षांकडे गेले.

माझ्या डोक्यात माझ्या मामाचा बैल होता. मामा भिवापूरकडचे, मिरचीवाले. त्यांच्याकडे एक पांढरा बैल होता, त्याचं एक शिंग दुसऱ्या बैलाशी झुंजताना मुळापासून गेलं होतं. पोळ्याला त्याला गेरू लावायचे, उरलेल्या शिंगाला फुगे बांधायचे, आणि वयाने मोठा म्हणून तोरणाखाली मामांच्या जोड्यांमध्ये तोच पुढे. माझ्या मामीने त्याचे खूर धुताना कधी त्याची शिंगं मोजली नाहीत. हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं. म्हटलं, हाडामांसाच्या बैलाला जे चालतं ते लाकडाच्या बैलाला काहून चालत नाही?

‘मॅडम, तो जिवंत बैल होता. जिवंत वेगळा, मूर्ती वेगळी.’

‘मग या मूर्तीची प्रतिष्ठापना कोणी केली? तुम्ही केली का?’

ते म्हणाले की कमिटीचा निर्णय झालेला आहे, आणि तरीही माझ्या वयाचा मान ठेवून ते एवढं करतील की मुलीने मंडपाला बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभं राहावं. नंबर नाही, पूजा नाही. बघायला हरकत नाही. मी आभार मानले. फार गोड आभार मानले. माझे जुने विद्यार्थी असते तर ते ऐकून घाबरले असते.

कारण अध्यक्षांना शास्त्र ठाऊक होतं, पोळा ठाऊक नव्हता. तोरणाखाली झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं खणखणीत कवन, जमेल त्याने म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. त्यात देवाचं नाव असतं तशा कोपरखळ्याही असतात. गावात गडीमाणूस मालकाला, भाचा मामाला, सगळं गाव पाटलाला त्या दिवशी झडतीतून चिमटे काढायचं, आणि ऐकणाऱ्याने रागावायचं नाही, हा कायदा. मी वर गेले, नातीला बाल्कनीतून आत बोलावलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. करंज्या तळता तळता आमची झडती पाठ झाली.

संध्याकाळी मंडपात बैल रांगेने मांडले होते. मांडलेच होते; बापांनी कडेवर आणून गालिच्यावर ठेवले होते. एकेक बैल पोराच्या छातीएवढा. धोतर नेसलेली, काजळाच्या मिशा काढलेली पोरं मागे खुर्च्यांवर बसली होती. आणि सगळ्या मंडपात एकच मंत्र चालला होता, ‘हात नको लावू.’ आयांचा, बापांचा, कमिटीचा. कोणाची झूल सरळ करायची तर आई उठायची. आमची स्वारी दोरीच्या बाहेर, जनरेटरच्या बाजूला. मी तिच्या मागे उभी होते. तिचा हात बैलाच्या दोरीवर इतका घट्ट होता की बोटं पांढरी झाली होती. मला एकदम वाटलं, मी हे स्वतःच्या रागापायी तर करून राहिले नाही ना? तिला विचारलं, जायचं का घरी? तिने मान हलवली, नाही.

अध्यक्षांनी भाषण केलं. आपली संस्कृती लोप पावत चालली आहे, आजच्या मुलांना एक झडती येत नाही, असं ते कळवळून म्हणाले, आणि मग समोर बघून विचारलं, आहे का कोणी, म्हणेल का? खुर्च्यांवरची पोरं बापांकडे बघायला लागली, बाप फोनकडे. नातीने हात वर केला. अध्यक्षांनी तिला पाहिलं, मला पाहिलं. पण माईकवर विचारून बसले होते. दोरीच्या आतल्या एका मोठ्या मुलीने माईक आणून दिला.

मला वाटलं हिचा आवाज फुटणार नाही. फुटला. चौथ्या मजल्यापर्यंत गेला.

‘एका शिंगाचा बैल माझा, त्याले म्हणती खंडित,
ज्याच्या बैलाचं चाकच न फिरे, तो कमिटीचा पंडित!
बोला, हर हर महादेव!’

आणि मंडपाने सवयीने महादेवाचा गजर केला. मोठ्याने केला. गजर संपल्यावर मग एकेकाच्या डोक्यात शिरलं की आपण कशाला होकार दिला आहे. आधी बायका हसल्या, मग बाप. कोणीतरी मागून ‘अजून एकदा’ ओरडलं. अध्यक्षांचा चेहरा मी बघितला. तो बघण्यासाठीच मी चष्मा लावून गेले होते, आता खऱ्या नंबरचा. त्यांना रागावता येत नव्हतं. त्यांनीच झडती मागितली होती. ते ‘छान, छान’ म्हणाले आणि घाईघाईने तोरण तोडायची खूण केली.

पोळा फुटला. आणि रांगेतला एकही बैल हलला नाही. काहींची चाकं माझ्या खोक्यातल्या बैलासारखीच, काहींना चाकंच नाहीत. बाप पुढे झाले, बैल कडेवर घेतले. तेवढ्यात घंटी वाजवत आमचा एकशिंग्या जनरेटरच्या बाजूने सुटला. नात पुढे, दोरी ताणलेली, बैल पेव्हर ब्लॉकवरून उड्या मारत मागे. तो मंडपाला वळसा घालून पार्किंगमध्ये शिरला तेव्हा खुर्च्यांवरची पोरं उठली. त्यांनी आपले बैल बापांच्या कडेवर सोडले आणि त्याच्या मागे धावली. कोणाचं धोतर सुटलं, कोणाची मिशी पसरली. आया मागून ओरडत होत्या. माझा राग काही गेला नाही, पण त्याला थोडं बसायला मिळालं.

घरोघरचं सांगायचं तर सगळीकडे सारखं नव्हतं. काहींनी पाय धुतले, कुंकू लावलं. एका घरी बाई म्हणाल्या की पूजा नको, पण चॉकलेट घे. एका घरी दिवा चालू होता पण दार उघडलं नाही. अध्यक्षांच्या घरी जायचं नाही, असं मी सुचवलं. नात म्हणाली, सगळ्यांकडे जातात. त्यांच्या बायकोने दार उघडलं. त्या खाली बसल्या, चाकांवर पाणी घातलं, आणि कुंकू जिथून शिंग गेलं होतं तिथे लावलं.

‘हा कोणाशी भांडून आला वं?’ त्यांनी विचारलं.

‘सोफ्याशी,’ नात म्हणाली.

त्यांनी करंजी दिली. माझ्या करंज्यांपेक्षा बरी होती, हे मी इथे लिहिते आहे, तिकडे बोलले नाही.

घरी येऊन उजेडात बघितलं तर बैलाचं दुसरं शिंगही गेलं होतं. पार्किंगमध्ये गेलं असणार. माझ्या तोंडून निघालंच, ‘अवं, जरा सांभाळून नाही खेळता येत का तुले?’ सून माझ्याकडे बघायला लागली. मुलगा तर भिंतीकडे तोंड करून हसत होता. नातीने बैल फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला. ‘आता बरोबर झाला,’ ती म्हणाली, ‘दोन्हीकडून सारखा.’ आणि त्याला पाणी दाखवायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला. कार्यक्रम यशस्वी झाल्याबद्दल सर्वांचे आभार. पुढील वर्षापासून सर्व झडत्या कमिटीकडून आगाऊ मंजूर करून घ्याव्यात.

झडती, आणि मंजूर करून. मी तो मेसेज घरात सगळ्यांना वाचून दाखवला, मग कामवाल्या बाईला, मग फोन करून बहिणीला. खंडित बैलाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, तेवढं मी ध्यानात ठेवलं आहे. उत्तर अजून पाठवलेलं नाही. पहिली ओळ जुळली आहे, ‘मंजूर’ला यमक शोधून राहिले. मला हुजूर बरं वाटतं. नात म्हणते, खजूर घाल.